‘कळवळा आला’ म्हणजे नेमकं काय? नव्या करारातल्या एका ग्रीक क्रियापदाचा अभ्यास कसा करावा

उपासनेत किंवा शास्त्राभ्यासाच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: “मूळ ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ आहे, येशूची आतडी हलली.” ऐकणारे भारावतात. सांगणाऱ्याने हे वाक्य बहुधा दुसऱ्या एका संदेशातून उचललेलं असतं. ते पूर्ण चूक नाही, पण पूर्ण बरोबरही नाही. खरी अडचण अशी की त्या एका वाक्यावर अभ्यास थांबतो आणि शब्दाजवळ जे खरं धन आहे ते तसंच पडून राहतं.

हे क्रियापद आहे ‘स्प्लांख्निझोमाय’. ते स्वतः कसं अभ्यासावं, हे इथे पायरीपायरीने सांगतो. ग्रीक येत नसलं तरी चालेल. वही, पेन्सिल, मराठी बायबल आणि इंटरनेट असलेला फोन एवढं पुरे. दोन-तीन संध्याकाळी मात्र मोकळ्या ठेवा.

पहिली पायरी: मराठी शब्दामागचं क्रियापद गाठा

मत्तय ९:३६ उघडा. लोकसमुदायांना पाहून येशूला त्यांचा कळवळा आला, असं तिथे आहे. आता मत्तय २०:३० पाहा. यरीहोच्या वाटेवरचे दोन आंधळे ओरडतात, ‘आमच्यावर दया कर’. मराठीत ‘कळवळा’ आणि ‘दया’ हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सहज येतात. ग्रीकमध्ये ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. आंधळ्यांच्या तोंडी ‘एलेएसोन’ आहे, म्हणजे ‘एलेएओ’ या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. म्हणून नुसत्या मराठी शब्दावरून शोध घेऊ नका. एकाच मराठी शब्दामागे दोन ग्रीक शब्द असू शकतात, आणि एका ग्रीक शब्दाला भाषांतरकारांनी ठिकठिकाणी वेगळे मराठी शब्द दिलेले असू शकतात.

मूळ शब्द गाठायची सोपी वाट म्हणजे स्ट्राँगचा क्रमांक. जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीत बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिला आहे. आपल्या क्रियापदाचा क्रमांक ४६९७ आणि त्याच्या नामाचा, म्हणजे ‘स्प्लांख्नोन’चा, ४६९८. केंब्रिजच्या टिंडेल हाऊसचं ‘स्टेप बायबल’ किंवा ‘बायबल हब’ ही संकेतस्थळं विनामूल्य आहेत. तिथे वचन उघडून शब्दावर बोट ठेवलं की क्रमांक, रूप आणि बाकीची ठिकाणं दिसतात.

उच्चाराबद्दल थोडं. ग्रीक लिपीत या शब्दात ‘गामा’ आणि ‘खी’ ही अक्षरं शेजारी येतात. अशा वेळी गामाचा उच्चार ‘ग’ न होता आपल्या ‘ङ’सारखा होतो, जसा ‘शंख’ म्हणताना होतो. मराठी जिभेला तो अजिबात अवघड नाही.

दुसरी पायरी: सगळी ठिकाणं वहीत उतरवा

शब्दकोश अजून उघडू नका. शब्दकोश आधी उघडला की त्यातला अर्थ डोळ्यांवर चढतो आणि मग प्रत्येक वचनात तोच दिसू लागतो. आधी वचनं वाचा.

हे क्रियापद नव्या करारात फक्त १२ वेळा येतं, म्हणून अभ्यासाला फार सोयीचं आहे. मत्तयात पाच वेळा: ९:३६, १४:१४, १५:३२, १८:२७, २०:३४. मार्कात चार वेळा: १:४१, ६:३४, ८:२, ९:२२. लूकमध्ये तीन वेळा: ७:१३, १०:३३, १५:२०. योहानाच्या शुभवर्तमानात ते नाही आणि पौलाच्या पत्रांत एकदाही नाही. पौल नाम वापरतो, क्रियापद वापरत नाही.

प्रत्येक ठिकाणी ते एकच वचन न वाचता मागची-पुढची दहा वचनं वाचा. वहीचं आडवं पान घेऊन पाच रकाने आखा: कळवळा कोणाला आला, कोणाचा आला, त्याच्या लगेच आधी काय घडलं, लगेच नंतर काय घडलं, आणि ग्रीक रूप कोणतं. भरायला तासभर लागेल. या अभ्यासाचा प्राण याच तासात आहे, म्हणून तो वाचवू नका.

तिसरी पायरी: रकाने उभे वाचा

पहिला रकाना वरून खाली वाचला की एक गोष्ट चटकन दिसते. कळवळा येणारा एकतर येशू आहे, नाहीतर त्याने सांगितलेल्या दाखल्यातलं पात्र: मत्तय १८ मधला धनी, लूक १० मधला शोमरोनी, लूक १५ मधला बाप. शिष्यांना, जमावाला किंवा शास्त्र्यांना हे क्रियापद शुभवर्तमानकारांनी कुठेही लावलेलं नाही.

आता तिसऱ्या आणि पाचव्या रकान्यांवर एकत्र नजर टाका. १२ पैकी सहा ठिकाणी रूप आहे ‘एस्प्लांख्निस्थे’, म्हणजे साधा भूतकाळ, ‘कळवळा आला’. ती सहा ठिकाणं अशी: मत्तय ९:३६ आणि १४:१४, मार्क ६:३४, लूक ७:१३, १०:३३ आणि १५:२०. या सहाही वाक्यांत क्रियापदाच्या आधी ‘पाहणं’ आहे. ‘इदोन’, म्हणजे पाहून, किंवा ‘एइदेन’, म्हणजे त्याने पाहिलं. नाईन गावच्या वेशीवर एकुलता मुलगा गमावलेल्या विधवेला प्रभूने पाहिलं. बापाने मुलाला तो अजून दूर असतानाच पाहिलं. एकही अपवाद नाही.

हे लक्षात ठेवून लूक १० पुन्हा वाचा. यरुशलेमाहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस अर्धमेला पडला आहे. याजक येतो, पाहतो, पलीकडच्या बाजूने निघून जातो. लेवी येतो, तोही पाहतो, तोही तसाच जातो. मग शोमरोनी येतो आणि पाहतो. तिघांसाठीही लूकने तोच शब्द ठेवला आहे, ‘इदोन’. त्यापुढचं क्रियापद बदलतं. पहिल्या दोघांच्या बाबतीत ‘आंतिपारेल्थेन’, वळसा घालून पुढे गेला. तिसऱ्याच्या बाबतीत ‘एस्प्लांख्निस्थे’. पहिल्या दोघांना तो माणूस दिसलाच नाही, असं म्हणायला लूकने जागाच ठेवलेली नाही. ग्रीक शब्द शेजारी मांडल्यावर हे जितकं लखलखीत दिसतं तितकं नुसत्या भाषांतरात दिसत नाही. मी हा दाखला लहानपणापासून ऐकत आलो आहे, तरी ते एकसारखं ‘पाहून’ वहीत उतरवेपर्यंत मला कळलं नव्हतं.

चौथ्या रकान्यात कळवळ्यानंतर काय घडलं ते आहे. तो रकाना कुठेच रिकामा राहत नाही. कुष्ठरोग्याला हात लावला. आंधळ्यांच्या डोळ्यांना स्पर्श केला. कर्ज सोडलं. बाप धावला, मुलाच्या गळ्यात पडला, त्याचे मुके घेतले. शोमरोन्याच्या पुढे तर क्रियापदांची रांगच लागते: जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन देनारी (चांदीची नाणी) काढून दिले. दोन वाक्यांत लूकने एका माणसाची रात्र उभी केली आहे.

एका ठिकाणी जरा थांबा. मार्क ६:३४ मध्ये मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारख्या लोकांचा कळवळा आल्यावर येशू काय करतो? त्यांना ‘पुष्कळ गोष्टी शिकवू लागतो’. तोच प्रसंग मत्तय १४:१४ मध्ये आहे, आणि तिथे तो आजाऱ्यांना बरं करतो. म्हणजे ‘कळवळा म्हणजे चमत्कार’ असं समीकरण मांडता येत नाही. शिकवणं हेही मार्कच्या लेखी कळवळ्याचंच काम आहे.

चौथी पायरी: व्याकरण, आणि इथे मराठीचा उपयोग

हे क्रियापद नव्या करारात कर्तरी रूपात कधीच येत नाही. ‘एस्प्लांख्निस्थे’ मधला ‘स्थे’ हा शेवट कर्मणी घडणीचा आहे. काही इंग्रजी भाषांतरांत त्याचं ‘त्याच्याजवळ करुणा होती’ अशा धर्तीचं वाक्य होतं, जणू ती खिशातली वस्तू आहे. मराठीची घडण वेगळी आहे. आपण ‘मी कळवळा केला’ म्हणत नाही, ‘मला त्याचा कळवळा आला’ म्हणतो. ज्याला वाटतं तो ‘ला’ लागून बाजूला उभा असतो आणि भावना त्याच्याकडे येते. भूक लागते, रडू येतं, तसाच कळवळा येतो. ग्रीक रूपात जे आहे ते मराठी वाक्यरचना आपसूक सांभाळते. ज्यांनी पहिल्यांदा हा शब्द निवडला त्यांचा कान पक्का होता.

उरलेल्या सहांपैकी चार ठिकाणी ‘स्प्लांख्निस्थेइस’ हे धातुसाधित येतं: मत्तय १८:२७, २०:३४, मार्क १:४१ आणि ९:२२. त्याला आपल्याकडे ‘ऊन’ प्रत्यय तयार आहे: ‘कळवळून’. कळवळून डोळ्यांना स्पर्श केला. भावना आणि कृती एकाच वाक्यात, मध्ये पूर्णविराम नाही.

राहिलेली दोन ठिकाणं, मत्तय १५:३२ आणि मार्क ८:२, वर्तमानकाळी आहेत, आणि तिथे येशू स्वतःच्या तोंडाने म्हणतो: मला या लोकांचा कळवळा येतो, तीन दिवस ते माझ्याजवळ आहेत आणि त्यांच्यापाशी खायला काही नाही. मराठीत भुकेने जीव कळवळतो आणि दुसऱ्याची भूक पाहूनही जीव कळवळतो. भुकेल्याचं दुःख आणि पाहणाऱ्याचं दुःख, दोन्हींना शब्द एकच. हे ग्रीकमध्ये नाही, ही आपल्या भाषेची देणगी आहे. बोलताना वापरा, पण ‘मूळ ग्रीकमध्ये असं आहे’ म्हणून सांगू नका.

भूतकाळी रूपाबद्दलही एक सावधगिरी. या रूपाला अओरिस्ट म्हणतात. ‘अओरिस्ट आहे, म्हणजे कळवळा एका क्षणात उसळला’ असं काहीजण सांगतात. गोष्ट सांगताना ग्रीक लेखक हाच काळ सर्रास वापरतात. त्यातून वेगाचा किंवा जोराचा अर्थ काढता येत नाही.

पाचवी पायरी: आता शब्दाचं मूळ, पण बेतानं

क्रियापद ज्या नामावरून आलं ते ‘स्प्लांख्ना’ (‘स्प्लांख्नोन’चं अनेकवचन), म्हणजे शरीराच्या आतले अवयव. जुन्या ग्रीकांच्या यज्ञात पशूचं हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं यांना हा शब्द होता. हे भाग आधी भाजून यज्ञाला जमलेले लोक चाखत. होमरच्या इलियडमध्ये असं वर्णन आहे. आतड्यांना ग्रीकमध्ये ‘एन्तेरा’ हा वेगळा शब्द होता. म्हणून ‘आतडी हलली’ हे शब्दशः भाषांतर म्हणूनही थोडं घसरतं. ‘काळीज’ अधिक जवळचं.

अवयवांवरून भावनेकडे जाणं ग्रीकांनाही नवं नव्हतं, पण त्यांच्याकडे स्प्लांख्ना रागानेही तापत. त्या जुन्या ग्रीकमध्ये ‘कळवळा येणं’ या अर्थाचं क्रियापद सापडत नाही. ज्यूंच्या ग्रीक लिखाणात पाहिलं तर २ मक्काबी ६:८ मध्ये ‘स्प्लांख्निझेइन’ हे कर्तरी रूप आहे, आणि त्याचा अर्थ आहे यज्ञबलीचे अंतर्भाग खाणं. ज्यूंवर ते खाण्याची सक्ती करावी, असा तो हुकूम आहे. त्याच पुस्तकात ९:५ मध्ये अंतियोख राजाच्या स्प्लांख्नांत असह्य कळ उठते, ती तर सरळ पोटदुखीच. हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये मिळेल, प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत बहुधा नसतं.

आता मूळ कुठवर ताणायचं? ‘स्प्लांख्निझोमाय’चा मूळ अर्थ ‘अंतर्भाग खाणं’ आहे असं म्हणून लूक १५ वाचलं तर काय होईल, ते सांगायलाच नको. शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो. आपण ‘पोटतिडकीनं बोलला’ म्हणतो तेव्हा त्या माणसाच्या पोटाची चौकशी करत नाही. तरीही ‘पोट’ त्या शब्दातून पुरतं गेलेलं नसतं. ‘आग्रहानं बोलला’पेक्षा काहीतरी जास्त आपल्याला ऐकू येतं. पहिल्या शतकातल्या वाचकाला या क्रियापदात शरीर तेवढंच ऐकू येत असावं, असं मला वाटतं.

दुसरं ताणणं हिब्रूचं. हिब्रूत करुणेला ‘रहामीम’ म्हणतात आणि गर्भाशयाला ‘रेहेम’. शब्द सख्खे आहेत. शलमोनाच्या न्यायाच्या गोष्टीत, १ राजे ३:२६ मध्ये, खऱ्या आईच्या पोटात आपल्या मुलासाठी जे पेटतं ते रहामीमच. हे सुंदर आहे, आणि ते जुन्या कराराच्या अभ्यासात जरूर यावं. पण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ‘रहामीम’साठी सहसा दुसरे शब्द योजले आहेत. म्हणून ‘स्प्लांख्निझोमाय म्हणजे गर्भाशयातली करुणा’ ही उडी मारू नये.

नामाची ११ ठिकाणंही एकदा डोळ्यांखालून घाला. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये यहूदा इस्कर्योताचं पोट फुटतं आणि स्प्लांख्ना बाहेर पडतात. तिथे काहीच लाक्षणिक नाही. फिलेमोनाच्या एवढ्याशा पत्रात नाम तीनदा येतं, आणि १२ व्या वचनात पौल पळून आलेल्या अनेसिम या दासाला ‘माझी स्प्लांख्ना’ म्हणतो. ‘माझ्या काळजाचा तुकडा’ म्हटलं की मराठी माणसाला टीप लागत नाही. आणि १ योहान ३:१७ मध्ये आपल्या भावाची गरज पाहूनही जो स्प्लांख्ना बंद करतो त्याच्याविषयी प्रश्न आहे. इथेही आधी ‘पाहणं’ आहे. तिसऱ्या पायरीवर सापडलेला धागा शुभवर्तमानांच्या बाहेरही पोचतो.

सहावी पायरी: शेजारचे शब्द

‘एलेएओ’ म्हणजे दया करणं. ती मागता येते; ‘एलेएसोन’ हा गरजवंताचा आक्रोश आहे. मत्तय २० मध्ये आंधळे दोनदा एलेएसोन म्हणतात आणि ३४ व्या वचनात उत्तर येतं ते ‘स्प्लांख्निस्थेइस’. त्यांनी दया मागितली आणि कळवळा मिळाला. लूक १०:३७ मध्ये, ज्याला येशूने शोमरोन्याचा दाखला सांगितला तो शास्त्री उलट दिशेने जातो. ‘त्याच्यावर दया करणारा’ असं उत्तर देताना तो ‘एलेओस’ हे नाम वापरतो, आणि त्याला जोडलेलं क्रियापद आहे ‘करणं’. कळवळा येतो, दया केली जाते. ‘ओइक्तिरो’ हे तिसरं क्रियापद नव्या करारात फक्त रोम ९:१५ मध्ये भेटतं, आणि सहानुभूतीचं ‘सुम्पाथेओ’ इब्री ४:१५ आणि १०:३४ मध्ये. एवढी नोंद पुरे.

विरुद्ध शब्दावर मात्र रेंगाळा. मत्तय १८ मध्ये धन्याला दहा हजार तालांतांचा देणेकरी भेटतो. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० देनारी, आणि देनारी म्हणजे मजुराचा एक दिवस. २७ व्या वचनात धनी ‘स्प्लांख्निस्थेइस’ कर्ज सोडतो. तो देणेकरी बाहेर जाऊन १०० देनारींसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. ३४ व्या वचनात तोच धनी ‘ऑर्गिस्थेइस’, रागावून, त्याला छळ करणाऱ्यांच्या हाती देतो. लूक १५ मध्ये बापासाठी ‘एस्प्लांख्निस्थे’ आणि थोरल्या मुलासाठी ‘ओर्गिस्थे’. सारख्या घडणीची दोन रूपं, एकाच घरात.

सातवी पायरी: हस्तलिखितांत डोकवा

आता मार्क १:४१. कुष्ठरोगी गुडघे टेकतो आणि येशू कळवळून हात पुढे करतो. केंब्रिजमध्ये जपलेल्या बेझाच्या हस्तलिखितात आणि काही जुन्या लॅटिन प्रतींत इथे वेगळाच शब्द आहे: ऑर्गिस्थेइस, ‘रागावून’. चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकन ही हस्तलिखितं व इतर बहुतेक साऱ्या प्रती ‘कळवळून’च्या बाजूने आहेत. तरी प्रश्न सोपा नाही. प्रत उतरवणारा लेखनिक राग काढून कळवळा घालील हे समजतं, उलट कोण कशाला करील? शिवाय मत्तय ८:३ आणि लूक ५:१३ मध्ये हाच प्रसंग आहे, पण तिथे दोन्हींपैकी एकही शब्द नाही. काही भाषांतरांनी, उदाहरणार्थ २०११ च्या न्यू इंटरनॅशनल आवृत्तीने, रागाचा पाठ, म्हणजे ‘रागावून’ हा शब्द, घेतला आहे.

माझा सल्ला असा: बहुसंख्य प्रतींचा पाठ ठेवा, पण या वचनावर शब्दाचा अर्थ उभारू नका. बाकीची ११ ठिकाणं भक्कम आहेत. आणि कोणी रागाच्या पाठाबद्दल विचारलं तर लपवू नका.

आठवी पायरी: बाराही ठिकाणी मराठी लावून पाहा

हा शेवटचा कस. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांतून बायबल मराठीत आणलं, आणि १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या हेच काम करत राहिल्या. साध्या बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. त्याच ध्यासाने वहीत पर्याय लिहा आणि प्रत्येक पर्याय १२ ठिकाणी म्हणून पाहा. ‘कीव आली’ लगेच गळतं, कीव वरून खाली पाहते. ‘गलबलून आलं’ नाईनच्या विधवेपाशी शोभतं, पण त्याचा शेवट डोळ्यांतल्या पाण्यात होतो, त्यातून कोणी जखमा बांधायला उठत नाही. ‘जीव तुटला’ बापाला लागू पडतं, धन्याला नाही. ‘पोटात कालवलं’ शोमरोन्याला फार छान बसतं, पण हजारोंच्या जमावापुढे लहान वाटतं. ‘कळवळा आला’ जवळपास सगळीकडे टिकतं.

अडतं एकाच ठिकाणी, मार्क ९:२२ मध्ये. भूत लागलेल्या मुलाचा बाप येशूकडे विनवणी करतो आहे. १२ पैकी हे एकच ठिकाण जिथे कोणी येशूकडे हे मागतो. ‘आमचा कळवळा कर’ असं मराठीत म्हणता येत नाही, कारण कळवळा केला जात नाही, तो यावा लागतो. ग्रीक पाहिलं की दिसतं, त्या बापानेही तसं म्हटलेलं नाही. आज्ञार्थ फक्त ‘मदत कर’ला आहे. कळवळा धातुसाधितात आहे. म्हणजे तो म्हणतो: तुला काही करता येत असेल तर, आमचा कळवळा येऊन, आम्हाला मदत कर.